एकदाच म्हणालात, ‘सरी’

अहो,

मायना एवढाच. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले होते तेव्हाही तुम्हाला एवढंच लिहिलं होतं. ‘प्रिय’ लिहायचा धीर झाला नाही आणि नाव तर घ्यायचं नव्हतं. आल्यावर किती चिडवलंत! पोस्टमन म्हणे गल्लीभर ‘अहो, अहो’ करत फिरला. आता पत्त्याचाच प्रश्न उरला नाही, तेव्हा निवांत लिहिते.

शहराबाहेर, पीण्या गावातल्या आपल्या जागेवर बसलेय, तुम्ही बांधलेल्या खोलीच्या पायरीवर. दुपार कलायला लागलीय. पेन शहरात चामराजपेटला घरी राहिलं, म्हणून तुमची सुताराची जाड पेन्सिल घेतलीय. टोक गेलं की विळीवर काढते, तुम्ही काढायचात तसंच. तेव्हा विळी बोथट होते म्हणून मी ओरडायचे. आता कोण ओरडणार?

उद्या सकाळी ही जागा बघायला गिऱ्हाईक येतंय. सगळं भाऊजींनी ठरवलंय. तुमच्या वर्षश्राद्धाला पुण्याहून आले ते, माझी व्यवस्था लावूनच परत जाईन म्हणतात. जागा विकायची, चामराजपेटची भाड्याची खोली सोडायची आणि मी त्यांच्याकडे पुण्याला जाऊन राहायचं. मूलबाळ नाही, एकटी परमुलखात काय करणार, असं त्यांचं म्हणणं. मनाने चांगले आहेत हो, माझ्या काळजीनेच म्हणतात. पण उद्या मला हो किंवा नाही सांगायचंय. आणि जाताना तुम्ही असा शब्द टाकून गेलात की वर्ष झालं, मला त्याचा उलगडा होत नाही. म्हणून हे पत्र.

आधी जरा भांडून घेऊ द्या.

आपण या कन्नड मुलखात आलो ते एकोणीसशे पन्नासच्या आसपास, तुम्हाला कारखान्यात नोकरी लागली म्हणून. बाकीच्यांनी रेडिओ घेतले, सोफे घेतले. तुम्ही काय घेतलंत? शहराबाहेर उजाड माळावरचा तांबड्या मातीचा एक तुकडा! मी पुण्याच्या गल्लीत वाढलेली. मला वाटलं, चार फुलझाडं लावणार असाल. छे! तुम्हाला सगळं स्वतःच्या हाताने करायचं होतं. सहा दिवस कारखान्यात यंत्रांशी झटापट आणि रविवारी इथे. सायकलच्या मागे फळ्या बांधून तुम्ही पुढे, आणि डबा घेऊन बसने मी मागे.

हे दार आठवतं? कारखान्यात यंत्रं ज्या खोक्यांतून यायची, त्या खोक्यांच्या फळ्या. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापलंय, ‘ही बाजू वर’. आणि दार बसवलंत ते नेमकं उलटं! मी म्हटलं तर म्हणालात, “दाराला वाचता येत नाही.” आज कुलूप काढताना पुन्हा मान वाकडी करून वाचलं. हसू आलं आणि मग रडूही आलं.

आणि माझी कोल्हापुरी चप्पल? हातपंपाचा वॉशर गेला, दुसरा मिळेना, तर सरळ माझ्या नव्या चपलेचं कातडं गोल कापून बसवलंत. पाणी आलं, मान्य. पण मी एका पायात चप्पल घालून बसमध्ये चढले, तेव्हा कंडक्टर माझ्या पायांकडे आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात! मघाशी तो पंप हापसून पाहिला. अजून पाणी येतं.

पण तुमचा खरा जीव त्या तळ्यात. आपलं शेत, तर शेतात पाणी साठलेलं दिसलं पाहिजे, हे तुमचं खूळ. खणलंत, कडेने दगड रचलेत, विहिरीचं पाणी शेंदून शेंदून ओतलंत. पुढच्या रविवारी येऊन बघतो तर तळं कोरडं ठाक! “कुठे गेलं?” असं तुम्ही मला विचारलंत, जसं काही मी पदराखाली लपवलं होतं. तांबडी माती सगळं पाणी पिऊन बसली होती.

तेव्हा बांधावर मुन्यप्पा उभा होता. आपल्या शेजारी नाचणी करणारा, डोक्याला लाल पंचा, तोंडात कायम पान. त्याला मराठी येत नव्हतं आणि तुमचं कन्नड म्हणजे आनंदच. तो म्हणाला, “केरे मण्णु हाकी, स्वामी.” तुम्ही ऐटीत मला समजावलंत, “मण्णु म्हणजे माती, आणि केर म्हणजे केर. केर आणि माती मिसळून टाकायचं म्हणतोय.” झालं! आठवडाभर मी घरातला केर पिशवीत भरून ठेवला. शेवटी घरमालकीण सीताक्कांनी विचारलं, ‘हे काय गं साठवतीस?’ त्यांचं घराणं मूळचं मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथे मुरलेलं. सांगितल्यावर त्या हसून हसून खाली बसल्या. केरे म्हणजे तलाव, गं बाई! तलावातली चिकणमाती आणून टाका, एवढंच त्याचं म्हणणं.

मग ती माती आली बैलगाडीतून. काळी, थंडगार, लोण्यासारखी. ती तुडवून तळ्याच्या पोटाला बसवायची होती. मी काठावर उभी, तर तुम्ही आतून हात पुढे केलात. “ये. घसरशील, हात धर.” इश्श! उघड्या आभाळाखाली, दिवसाढवळ्या! लुगडं खोचून उतरले खरी. पाय रुतायचे, सुटताना पचकन आवाज यायचा. दोन्ही हात धरून आपण गोल गोल तुडवत राहिलो, फुगडीच म्हणा की. माळावर वारा होता. ढगांच्या सावल्या शेतावरून सरकत आपल्या अंगावर यायच्या आणि पुढे जायच्या. किती वेळ गेला, कुणास ठाऊक. मला अजून कधीकधी झोपेत पायांना ती थंड माती लागते आणि मी जागी होत नाही, मुद्दाम.

तळं आता गळत नव्हतं, पण भरणार कशाने? तुम्ही काटकीने जमिनीवर नकाशा काढून मुन्यप्पाला दाखवलात. हे तळं, ही खोली, हा रस्ता. “नीरु एल्लिंद?” पाणी कुठून आणू, म्हणून विचारलंत. त्याने मान डोलावली, पिंक टाकली आणि म्हणाला, “सरी, सरी.”

तुमचा चेहरा असा उजळला! “बघ, याला सगळं कळतं. सरी काढायची म्हणतोय!”

तुम्हाला तसंच ऐकू येणार. कऱ्हाडकडचे तुम्ही, लहानपण उसाच्या मळ्यात गेलेलं. सरीत, उसाच्या ओळींमधल्या चरीत, पाणी सोडायचं, एक सरी भरली की दुसरीचं तोंड उघडायचं, हे तुमच्या अंगातच होतं. मग काय, कुदळ घेतलीत आणि रस्त्याकडच्या चढापासून सरी खणत निघालात. फणसाच्या झाडाला वळसा, मोठ्या दगडाला वळसा, थेट तळ्यापर्यंत. कितीतरी रविवार तुम्ही वाकलेलेच दिसायचात मला. आणि पाऊस झाला तेव्हा चढावरचं सगळं पाणी त्या सरीतून हळूहळू, वळणं घेत आलं आणि तळ्यात उतरलं! तांबूस पाणी, त्यावर फणसाची पिवळी पानं. तुम्ही चहाचा कप हातात धरून बघतच राहिलात. चहा गार झाला तरी प्यायला नाहीत.

मुन्यप्पाचे आभार मानायला गेलात तर तो बिचारा गोंधळला. “नानेनू हेळ्लिल्ल, स्वामी!” मी काहीच सांगितलं नाही म्हणे. तुमचं बोलणं कळलं नाही, म्हणून नुसतं ‘बरं, बरं’ म्हणालो. कन्नडात सरी म्हणजे बरं, ठीक! वर त्याला वाटलं होतं, तुम्ही चुना भिजवायला खड्डा करताय.

त्या दिवसापासून तो शब्द आपल्या घरात शिरला. “चहा टाकू?” “सरी, सरी.” “आज वांग्याची भाजी.” “सरी, सरी.” मुन्यप्पासारखी मान डोलावून, दोनदा. तुमच्यावर रागावले असले तरी त्या डोलावण्याने मला हसू फुटायचं, आणि तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं.

आणि मग तो दिवस. चामराजपेटच्या खोलीत तुम्ही पलंगावर होतात, उन्हाचा एक पट्टा तुमच्या पांघरुणावर. डॉक्टर आशा सोडून गेले होते. भाऊजी खिडकीशी बसले होते. जागा विकून टाकावी, हे त्यांनी तेव्हाच माझ्या कानावर घातलं होतं. मी तुमच्याजवळ वाकून विचारलं, “अहो, आपलं तळं विकू का?” तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे कुठेतरी बघितलंत. आणि म्हणालात, “सरी.”

बस्स. त्यानंतर शब्द नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गेलात.

एवढे इंजिनिअर तुम्ही! नकाशात खिळान् खिळा दाखवणारे! आणि माझ्यासाठी असा दुतोंडी शब्द ठेवून गेलात? ही काय रीत झाली?

भाऊजींना कन्नड येत नाही. ते डोळे पुसत म्हणाले, “वहिनी, दादाला शेवटी गावाकडचा ऊस दिसत होता.” सीताक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, “सरी म्हंजे सरीच की गं. हो म्हटले ते. आता स्वल्प धीर धर.” एकाला सरी ऐकू आली, दुसरीला होकार. आणि मी दोन्ही भाषांच्या मधे उभी. विकायला हो म्हणालात, की सरीकडे बघ म्हणालात? विकू नये असं मला वाटतं, पण तुमचा शेवटचा होकार मोडायचा धीर होत नाही. वर्षभर हेच, अहो. भाजी चिरताना, वेणी घालताना, देवाजवळ दिवा लावताना, हेच.

आज इथे लवकर आले ती खोली झाडून ठेवायला, गिऱ्हाइकाला नीट दिसावी म्हणून. तळ्याच्या तळाशी जेमतेम ओल, कडेला भेगा. सरी तर दिसतच नाही, गवताने पार बुजलीय. एक खंड्या मात्र तुमच्या दगडावर बसला होता, पाण्याची वाट बघत असल्यासारखा. मला बघूनही उडाला नाही.

मुन्यप्पा आला. म्हातारा झालाय, पण पान तसंच. मी त्याला माझ्या कन्नडात सांगितलं की उद्या गिऱ्हाईक येतंय, जागा विकायचं चाललंय. त्याने तळ्याकडे पाहिलं, सरीच्या गवताकडे पाहिलं. डोक्याचा पंचा काढून हातात घेतला. मी वाट बघत होते. आता मान डोलावेल, आता म्हणेल. आयुष्यभर सगळ्याला सरी म्हणणारा माणूस, आज त्याच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. तसाच बांधावरून निघून गेला.

मी खोलीतून कुदळ काढली. का, ते मलाही सांगता येणार नाही. सरीच्या तोंडाशी बसून गवत उपटलं, थोडी माती ओढली. खाली तुमची सरी निघाली की हो! तळाला तुम्ही लावलेल्या चपट्या दगडांसकट, जशीच्या तशी. त्या दगडावर हात ठेवून बसले होते, तेव्हा एकदम लक्षात आलं. होकाराची सरी तुम्ही कायम दोनदा म्हणायचात. मुन्यप्पाची नक्कल होती ती, एकदा म्हणून कसं चालेल? त्या दिवशी तुम्ही एकदाच म्हणालात!

केवढा आनंद झाला मला! कुदळ टाकून उभीच राहिले. आणि लगेच मनात आलं, की दुसऱ्यांदा म्हणायला श्वासच उरला नव्हता?

मग बसले पुन्हा, आणि रडले. पोटभर रडले, वर्षभरात रडले नव्हते तेवढी. मुन्यप्पाच्या शेताकडून वारा येत होता, त्याला नाचणीचा वास होता. ढगाची एक सावली तळ्यावर आली, थांबल्यासारखी झाली आणि गेली. मला वाटलं, आता तुम्ही खालून हात पुढे कराल.

आणि शांत झाले, अहो. कारण आठवलं की तुम्ही तरी कुठे मुन्यप्पाला परत विचारलं होतंत? तो काय म्हणाला, कुठल्या भाषेत म्हणाला, कसलीही चौकशी नाही. तुम्हाला हवं ते ऐकलंत आणि कुदळ घेऊन सुटलात. ऐकण्यात चूक झाली होती, पण पाणी आलं ना? मग मीही तेच करणार. मला सरी ऐकू आलीय, शेतातली. कुणी काही म्हणो, आता मी परत विचारणार नाही.

तर ऐका. उद्या त्या माणसाला मी चहा देईन आणि नाही म्हणून सांगेन. भाऊजी रागावतील, मग निवळतील. तसे तुमचेच भाऊ आहेत, आणि सरी म्हणजे काय हे कऱ्हाडच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. आठवड्यातून एकदा इथे येऊन सरी मोकळी करीन, रस्त्याच्या चढापर्यंत, फणसाला वळसा घालून. भेगांत तलावाची माती आणून भरीन. आणि ती तुडवायला एकटीच उतरेन, हात धरायला कुणी नसलं तरी. घसरले तर घसरले. तुम्हाला वचन देते.

दार मात्र उलटंच राहू देणार आहे.

आणि माझं ऐकणं चुकलं असेल, तुम्ही खरंच होकार दिला असेल, तर दुसऱ्यांदा म्हणायचा राहिलेला तो शब्द अजून तुमच्याकडेच आहे. पाणी आलेलं दिसलं की वरून मान डोलावून म्हणून टाका. मी इथेच असेन.

तुमचीच,
इंदू