चार इलेक्ट्रॉन

सोमवार, संध्याकाळ

सुनंदाच्या अस्थींचं मडकं अंगणातल्या लिंबाला टांगलं आहे. एवढंसं मडकं! अख्खं माणूस त्यात मावलं कसं, हेच सावडल्यापासून डोक्यात. त्यावरूनच आज धाकट्या भावाशी वाजलं. मला राख आपल्याच रानात टाकायची आहे, म्हणजे ती जवळ राहील. तो म्हणाला, "आण्णा, वहिनीला संगमावरच न्यायचं. लोक काय म्हणत्याल?"

त्याची मुलगी पूजा पडवीत दहावीचं विज्ञान वाचत होती. तिला विचारलं, बाकीची काकू कुठं गेली गं?

"राखंत कार्बन जवळजवळ न्हाईच, आण्णा. त्यो हवेत गेला."

मग पुस्तक दाखवून सांगू लागली. कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन. हवे असतात आठ. चार देऊन टाकायला फार ऊर्जा लागते, आणखी चार घेतले तर केंद्रकाला ते धरून ठेवता येत नाहीत. म्हणून तो देत नाही, घेत नाही, शेजारच्या अणूबरोबर सामाईक वापरतो. दोघांचे ते दोघांचेही.

"आगीत जुना बंध तुटला की ऑक्सिजनसंगं नवा. त्योच कार्बन डायऑक्साइड वायू मग झाडं पानात घेत्यात."

म्हणजे त्या मडक्यात ती जवळजवळ नाहीच? वाऱ्यावर... ज्वारीच्या पानांत? एका अणूची ही रीत, आणि तिच्यावर सगळं जिवंत जग उभं. शाळेत घोकलं होतं, कळलं आज.

जेवताना धाकट्याला म्हटलं, उद्या संगमावर जाऊ. रानात ती केव्हाच पोचली.