पेशीच्या तासाला बोललेलं वाक्य

अड्याळ, गुरुवार, १४ जुलै २०११

आज बारावीला पेशीचा पंप शिकवत होते. पेशी सोडियम बाहेर ढकलत राहते, पोटॅशियम आत ओढत राहते. पंप थांबून दोन्हीकडे सारखं झालं की पेशी मरते. इथवर ठीक होतं. वरून मी म्हणाले, "म्हणजे बघा, निसर्गालाच समानता चालत नाही." वर्ग हसला. मीही हसले. कायले हसले?

पहिल्या बाकावरची प्रज्ञा हसली नाही. विहाराला लागून तिचं घर, आजोबांच्या काळापासून बौद्ध. पेन थांबवून तिनं विचारलं, "मॅडम, हे पण लिहून घ्याचं काय?"

"नको, राहू दे," म्हणाले आणि फळा पुसत बसले. फळ्यावर ते वाक्य नव्हतंच.

मूर्ख बाई! सोडियम आणि पोटॅशियममध्ये कोण वरचं, कोण खालचं? पेशीला दोन्ही लागतात. एवढं तिथेच सांगता आलं नसतं?

संध्याकाळी चहा घेताना यांना सांगितलं. वाटलं, रागावतील. तर हे खूश! "बरोबरच बोलली तू. बाबा हेच तर म्हणत."

खरंच. सासरे जेवताना हेच म्हणायचे आणि मी मुकाट्यानं पोळी वाढायची. पुस्तकात नसलेलं वाक्य माझ्या तोंडी कुठून आलं, ते तेव्हा कळलं.

लिहून घ्याचं काय? पोरीनं सरळ विचारलं होतं.

उद्या ते वाक्य फळ्यावर लिहावंच लागेल, तिच्यासमोर, सगळ्यांसमोर. लिहिल्याशिवाय पुसणार कसं?