वाकलेला नीरफणस

सोलाबे
४ मार्च २०१४

चि. वासियो,

आशीर्वाद मागाहून देते, आधी हे सांग: गाणं तुझं, रडले मी, आणि खांदा भाजला तो बेदोचा, हा कुठला न्याय? तू तिकडे राजधानीत, मोर्सबीत, शर्ट घालून गार बसलायस. इथे त्या माणसाच्या खांद्याचं कातडं भाजल्या केळ्यासारखं सोलून आलंय, आणि त्याची बायको रोज सकाळी माझ्या दारात येऊन घसा बसेपर्यंत शिव्या देते.

झालं ते असं. मागच्या विमानाने नदीपलीकडचा बेदो शहरातून परतला. विमान उतरतं त्या गवताच्या कडेला आम्ही बायका केळी भाजत बसलो होतो. बेदोने शर्ट काढून घाम पुसला, फोन मांडीवर ठेवला आणि म्हणाला की तुमच्या वासियोचं नवं गाणं आणलंय, शहरातली आपली सगळी माणसं हेच ऐकतात. मी म्हटलं, लाव बाबा, केळी भाजेस्तोवर तेवढीच करमणूक.

गिटारवर माझा राग आहे हे तुला ठाऊक आहे. दहा कोंबड्यांच्या माना एकदम धरल्यासारखं वाजतं ते. पाद्रीबाबांच्या देवळातली गाणीही मला लागत नाहीत. तोंड हलतं, डोळे कोरडे राहतात. मला आपली जुनी लागतात, चढ चढून दमलेल्या माणसासारखी मधेच दगडावर बसणारी. म्हणून मी कान न देता केळं उलटत होते. मग तू कावाची पाणथळ म्हणालास. मग शेवाळी दगड. इलावाचं नाव एकदाही घेतलं नाहीस, पण माझ्या पोरीच्या एकेका जागेवर पाय ठेवत गेलास: ती मासोळ्या धरायची तो डोह, ती लपायची ते केतकीचं बेट. अकरा वर्षांत मी तिकडे फिरकले नाही, आणि तू मला मनगट धरून ओढत नेलंस.

पुढचं मला आठवत नाही, बायकांनी सांगितलं. मी किंचाळत उठले, चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आणि बेदोच्या उघड्या खांद्यावर दाबून धरलं. तो गाण्याबरोबर गुणगुणत होता ना. आपल्यात जो रडवतो त्याला भाजायचं, आणि त्याने न हलता गाणं पुरं करायचं. पाद्र्यांनी बंदी घालून चाळीस वर्षं झाली, हाताला बंदी कळत नाही. बेदोलाही कळली नाही. जुन्या गवयासारखा ताठ उभा राहिला, हूं की चूं केलं नाही. मग त्याच्या ध्यानात आलं की गाणं आपलं नव्हेच. तेव्हा असा बोंबलला की विमान चालवणारा खाली उतरून आला.

दुपारी त्याचे दोघे भाऊ कुऱ्हाडी घेऊन आले. केळीची सगळी बाग कापली, डुकरीण मारली, पोटात पिल्लं होती तिच्या. तुझे दाजी आडवे गेले तर कुऱ्हाडीच्या पात्याने त्यांचा अर्धा कान नेला. मी साबूच्या झाडाचा गर कुटायचं लाकूड हाणलं, धाकट्याचे पुढचे दात माझ्या अंगणात पडले. पाद्रीबाबा मधे पडायला आले आणि रक्त बघून मधेच बसले.

आता बेदोचे भाऊ म्हणतात, ज्याचं गाणं त्याचा खांदा. तो येऊन उभा राहिला तर बोलणं मिटलं. नाही आला तर पुढची कुऱ्हाड केळीवर पडणार नाही. तेव्हा ये. आणि एक सांग. तिच्या जागा कुणाला विचारून गाण्यात घातल्यास? ती वाहून गेली त्या दिवशी तू तर पाणथळीत साबू कापत होतास. ती एकटीच पाण्याकडे गेली, हे तूच सुतकात माझ्याशेजारी राखेत बसून सांगितलंस.

जेवत जा वेळेवर. तुझ्यावर लोभ आहे, तो करपू देऊ नको.

तुझी ताई,
हासोले


मोर्सबी
२३ मार्च २०१४

ती. ताईस वासियोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आधी मी हसत वाचलं, मग दाजींच्या कानापाशी थांबलो. त्यांना म्हणावं उरलेल्या अर्ध्या कानाने तरी बायकोचं ऐकत चला. बेदोसाठी मलम आणि एक नवा शर्ट पाठवतोय. खांदा नीट झाकेल असा घेतलाय.

ताई, तू एकटी नाहीस गं. हे गाणं जिथे म्हणतो तिथे रक्त निघतं. आमच्या वस्तीत पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आपल्याच डोंगराकडचा एक म्हातारा ओक्साबोक्शी रडला, आणि गाणं संपल्यावर उठून त्याने माझ्या तोंडावर बाटली फोडली. दोन दात गेले. दुसऱ्या दिवशी तोच रताळी घेऊन आला आणि म्हणाला, पुन्हा म्हण. एका लग्नात दोन भावांवर सुरे काढायची पाळी आली, कारण दोघांनाही वाटलं गाणं आपल्याच मेलेल्या बापाचं आहे. आता मला बोलावताना लोक आधी विचारतात, दरवाज्याशी माणसं किती ठेवू.

नोकरी तीच, दुकानाच्या फाटकावर रात्रपाळी. गेल्या आठवड्यात पाच जण कोयते घेऊन आले. माझ्या सोबत्याचा हात कोपरापासून गेला, माझी नुसती टोपी चिरली. त्याला गाडीत घालून नेताना तो मला म्हणाला की ते डोहाचं म्हण. मी म्हटलं. म्हणून सांगतो, रजा मिळणार नाही. एक माणूस आधीच कमी झालाय.

शिवाय पुढच्या महिन्यात हे गाणं रेडिओसाठी नीट भरून घेणार आहेत. गिटारचा तुला राग, म्हणून सांगतो, यावेळी सुरुवातीला ढोल वाजवणार आहे. तोच माझा, घोरपडीच्या कातड्याचा. नदीपलीकडच्या फोमोल्याच्या मोठ्या गाण्यासाठी म्हणून मी तो अकरा वर्षांपूर्वी केला होता, आणि तिथे तो वाजलाच नाही. खाटेच्या वर टांगून ठेवलाय. कातडं अजून पहिल्या दिवसासारखं ताणलेलं. कधी पाण्याचा थेंब लागू दिला नाही त्याला.

तिच्या जागा कुणाला विचारून घेतल्या म्हणतेस. तिला विचारून, असं समज. एका रात्री फाटकावर बसलो होतो आणि वाट आपोआप तोंडातून निघत गेली. मी काही जुळवलं नाही. मामा म्हणून मला तेवढंही नसावं का? गाण्यात सगळं जसंच्या तसं नसतं, ताई. गोड लागतं ते घ्यायचं असतं.

बेदोच्या भावांना सांग, दिवाळखोर गवयाचा खांदा खाऊन पोट भरणार नाही. पाद्रीबाबांना मधे घाल, यावेळी डोळे बांधून. दाजींना नमस्कार. माझ्यावर रागव, पण माया आटवू नको.

तुझा,
वासियो


सोलाबे
१३ एप्रिल २०१४

वासियो,

चिरंजीव लिहायला बसले होते, हात चालेना.

मलम पोचलं. शर्ट बेदोच्या भावाने चुलीत घातला. बेदोचा खांदा आता भरतोय, तो स्वतः बरा माणूस आहे. त्याने फोन मला आठ दिवस वापरायला दिला, इथून त्यावर बोलता येत नाही पण गाणं वाजतं, आणि दवाखान्याच्या उन्हावर वीज करणाऱ्या पट्टीवर मीच तो भरून आणते. भाजणाऱ्या बाईला फोन देतोस म्हणून त्याच्या बायकोने त्याला झाडूने झोडपलं.

तू लिहिलंस की गाण्यात सगळं जसंच्या तसं नसतं. शहरात नसेल. इथे गाणं म्हणजे वाट, हे तू मला शिकवू नको. एक जागा पुढेमागे झाली तर आपली म्हातारी माणसं गवयाला मधेच थांबवून विचारायची की अरे, इथून तिथे उडून गेलास का. तू कधीच चुकायचा नाहीस. म्हणून मी तुझं गाणं कानाशी धरलं आणि चालत गेले.

पाणथळ. शेवाळी दगड. डोह. केतकीचं बेट. तिथवर पोरीच्या खेळायच्या जागा, मी रडत रडत गेले, काठीने झुडपं बडवत गेले, हाताची सालं निघाली. पण केतकीपाशी तुझं गाणं थांबत नाही. ते खाली इसो नदीच्या उतारावर जातं, जिथून फोमोल्याला जायला पाण्यात उतरतात. तिथे पोर कधी खेळली नाही. तिला मी त्या उतारावर जाऊ दिलं असतं होय? मी तिथे उभी राहून पुढची ओळ ऐकली. नीरफणस पाण्यावर वाकलाय, एकच फळ उरलंय, आणि ते थरथरतंय.

वासियो, पलीकडच्या काठावरचा तो नीरफणस सरळ होता. लहानपणी आपण त्यालाच नेम धरून दगड मारायचो, खांबासारखा सरळ. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही चुडी घेऊन पोरीला शोधायला गेलो तेव्हा झाड नव्हतं, नुसता खड्डा होता. पुराने मुळं उकरली आणि झाड नेलं. तो खड्डा पहिल्यांदा तुझ्या दाजींनी दाखवला. मग ते झाड वाकलेलं होतं किती वेळ? पूर आल्यापासून पडेपर्यंत. पाणथळीतून ते दिसत नाही, मधे डोंगराची धार आहे. ते वाकताना बघायला माणूस नदीपाशी असावा लागतो.

मी तिथेच खाली बसले. मग तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं. ढोलाला पाण्याचा थेंब लागू दिला नाहीस म्हणून मोठ्या कौतुकाने लिहिलंयस. तेव्हा मला दिसलं. त्या दिवशी तू डोक्यापासून पायापर्यंत चिंब होऊन आलास आणि म्हणालास की तिला शोधायला डोहाच्या पाण्यात उतरलो होतो. ढोल तुझ्या खांद्याला होता; साबू कापायला कुणी ढोल नेतं का? मी माझं डोकं त्याच्यावर आपटून घेतलं होतं, आठवतं? कोरडा होता. कोरडा ढोल वाजतो तसा वाजला. अकरा वर्षं तो आवाज माझ्या कानात आहे आणि मी मूर्ख, मला वाटायचं तो माझ्या कपाळाचा आहे.

तू साबू कापत नव्हतास. पलीकडे मोठं गाणं होतं आणि तुला ते चुकवायचं नव्हतं. पाणी चढतंय हे दिसत होतं तरी तू उतरलास. गाण्यापायी तू आईच्या मयतालाही उशिरा आलेला माणूस. पोर मागे लागली असेल, मामा मला ने, तिलाही तुझ्यासारखंच वेड, भांडं वाजलं तरी नाचायची. एका हाताने ढोल डोक्यावर धरलास. दुसऱ्या हातात ती.

मी घरी येऊन कुऱ्हाड घेतली आणि तू आम्हाला बांधून दिलेलं डुकरांचं कुंपण तोडलं. एकूण एक खांब. डुकरं रानात गेली. पोरीच्या बापाने, तुझ्या दाजीने, का तोडलंस म्हणून विचारलं नाही. त्यानेही गाणं ऐकलंय, तीनदा. वाट ओळखण्यात तो माझ्यापेक्षा तयार आहे. मी त्याला नीरफणसाचं एक अक्षर बोलले नाही, पण गाणं त्या ओळीवर आलं तेव्हा त्याने फोन खाली ठेवला, भिंतीवरचं धनुष्य काढलं आणि ओट्यावर जाऊन बाणांची हाडाची टोकं घासायला बसला. तीन दिवस घासतोय. जेवायला बोलावलं तर एवढंच म्हणाला, "तुझ्या भावाला लिही, गाणं चांगलं झालंय."

आता माझं ऐक. भाजलेल्या माणसावर आपल्यात बाण सुटत नाही. सगळ्यांसमोर उभा राहिलास, खांदा उघडा केलास, गाणं पहिल्यापासून म्हटलंस, उतार न गाळता, फणस न गाळता, आणि मी चूड लावली तरी थांबला नाहीस, तर पोरीच्या बापाला धनुष्य खाली ठेवावं लागेल. बेदोचे भाऊही गप्प होतील. तुझ्या जिवाला एवढी एकच वाट आहे आणि ती माझ्या हातातून जाते. चुडीसाठी राळ मी गोळा करून ठेवली आहे.

पण त्याआधी मला एक ओळ हवी. गाण्यात नको, कागदावर. तिचा हात निसटला, की तू सोडलास?

निसटला असेल तर तसं लिहू नको, स्वतः ये. चूड माझ्या हातात असेल, दुसऱ्या कुणाला धरू देणार नाही. सोडला असशील तर येऊ नको, कारण मग मी धनुष्यासमोर आडवी जाणार नाही. पण लिही. आणि रेडिओवर त्या ढोलाचा आवाज मी ऐकला तर मी स्वतः मोर्सबीला येईन, चालत.

लोभाचं आत्ता विचारू नको. पुढचं विमान १ मेला, गुरुवारी, दुपारी उतरतं. मी गवताच्या कडेला जाळ करून बसलेली असेन. त्यातून तू उतर, नाहीतर तुझी ओळ उतरू दे. दोन्ही नसेल, तर सोडलास असं मी समजेन.

हासोले