डब्यातला सात नंबर

५ एप्रिल
आला! दहा किलोचा काळा डबा, कुरिअरवाल्याने दुचाकीवर आणून दिला. गिटारचा आवाज मोठा करणारा अँप, पण आत कॉम्प्युटर — बटण फिरवलं की जुन्या मोठमोठ्या अँपचे आवाज एकामागून एक. शाब्बास लुंबिनीबाई, दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे सार्थकी लागले!
पप्पा म्हणाले, "ह्यो जेवणाचा डबा काय वाजनार?"
त्यांचा अँप नांदेडच्या मिस्त्रीने बांधलेला, उचलायला तिघं लागतात. तीस वर्षं त्यावर बेंजो वाजवतात. बेंजो पार्टी त्यांची, सगळे जण सूर लावतात तेही त्यांच्या बेंजोवरून. जयंतीच्या मिरवणुकीत माझा डबा टेम्पोवर चढणार की नाही, हेही तेच ठरवणार.

८ एप्रिल
सात नंबरवर माझा स्वतःचा आवाज साठवला. तीन दिवस खपले. गोड, भरदार. एवढं सुंदर मी आजवर काही केलेलं नाही — लिहिते बिनधास्त!
दुपारी पप्पा डब्यापुढे उकिडवे. बेंजो जोडलेला. सूर जुळला की डब्यावर हिरवा दिवा लागतो, त्याकडे टक लावून.
"काय बघायलात?"
"काई न्हाई." उठलेच.

१० एप्रिल
आमचे गायक धम्मानंदकाका, त्यांनी शब्द टाकला. पप्पा म्हणे, "चढव. पर मधी न्हाई, कडंला."

१४ एप्रिल
जय भीम! हात अजून निळे, पानावर डाग पडतायत, पडू देत.
टेम्पोचा पत्रा चटके देत होता. उदगीरच्या चौकात ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि डबा थेट रस्त्यावर! मी टेम्पोतून खाली उडी मारली. कोपरा चेपला, जाळीत निळा गुलाल, वरून कुणाचं तरी सरबत सांडलं. पुसला, वायर लावली — आवाज जसाच्या तसा!!
तासाभराने पप्पांचा अँप तापून मुका झाला. नाचणारे थांबले. सगळे पप्पांकडे बघतायत. डब्याला वायर लावायची जागा एकच. मी गिटारची उपसली, त्यांची खोचली.
बेंजो असा कडाडला! धम्मानंदकाका ओरडले, "निवृत्तीदादा, लेकीचा डबा लई दमाचा हाय!" पप्पांनी सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवला. आजच्याइतकी ताठ मी कधी चालले नव्हते.

१५ एप्रिल
माझा सात नंबर गेला! पप्पांनी स्वतःचा आवाज त्यावरच साठवला. बारीक सुरांचं बटण पार शेवटपर्यंत — कानात सुई टोचावी तसं. मी भडकले, "विचारायचं तरी!"
एरवी ते एकाचे दोन सुनावतात. आज हळूच म्हणाले, "तसंच ऱ्हाऊ दे गं. लई दिसांनी नीट आईकू यायलंय."
राग कुठल्या कुठे गेला. शनिवारी त्यांना लातूरला कान दाखवायला नेते.

१९ एप्रिल
कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक सूर यांना दोन-तीन वर्षांपासून ऐकूच येत नसणार. आम्हाला कुणालाच पत्ता नाही! तिथूनच अहमदपूरला कार्यक्रमाला गेलो. स्टेजवर मधोमध डबा. पप्पांनी हळूच विचारलं, "हिरवा लागला म्हंजी सूर लागला, न्हवं?"
"हाव, पप्पा."
मग सगळ्या पार्टीने त्यांच्यावरून सूर लावला. सगळ्यात आधी मी.