जैतूनशेजारची जागा

कारवार, रविवार

धाकटी बहीण सुलतानबीस गौसभाईचा सलाम.

फोनवर तुला ऐकू येत न्हाय, म्हणून लिहितोय. नातीकडनं सावकाश वाचून घे.

मी ठीक हाय. तौसीफला नौदलाच्या गोदीत काम हाय, सूनबाई बळंच वाढती. समुद्र दारातच हाय म्हण की. वाळूत बसलो की लढाईची जहाजं दिसत्यात. तुझं गुडघं कसं हाईत? शेळी व्याली का?

एक सांगायचं राहिलं. कॉलनीच्या गेटवरचा जवान रोज माझं आधार कार्ड बघायचा आणि गारगोटीचा पत्ता वाचून विचारायचा, "चाचा, गाव वापस कब?" मी म्हणायचो, "जाऊ की, चार दिसांत." असं करत आठ महिनं गेलं. पोरानं कार्डावर इथला पत्ता घालून घेतला, काल नवं कार्ड आलं. आज जवानानं कार्ड बघितलं आणि काय बी विचारलं न्हाय.

गावच्या कबरस्तानात तुझ्या भाभीच्या, जैतूनच्या शेजारी माझ्यासाठी जागा ठिवलीया. कुणाला लागली तर द्या म्हणावं.

तू रस्त्यानं जाताना जैतूनला सलाम करतीस, तवा ह्ये मातर तिला सांगू नगंस.

तुझा भाऊ,
गौस