फाळक्यावरचे ठोके

१२ जानेवारी

आज मैदानात गाडी पुन्हा बंद पाडली. अगदी मधोमध! मागे शिकणाऱ्या पोरांची रांग, सगळे दात काढतायत. मास्तर खिडकीशी येऊन म्हणाले, "क्लच हळू सोड. पाय भाजल्यासारखा काय उचलतेस?"

लहान टेम्पो चालवायचे तेव्हा वाटायचं, ट्रकला चाकं जास्त, एवढाच काय तो फरक. कसलं काय! आपण वळून मोकळे होतो आणि मागचं धूड अजून यायचंच असतं.

घरी तेच. बाबा पलंगावर, तोंड भिंतीकडे. झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचा गेली. मान हलवतात, पण डॉक्टर म्हणाले, त्यावर जाऊ नका, हो आणि नाही दोन्हीला सारखीच हलते. तेव्हापासून त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. तिच्यावर धूळ बसलीये आणि दादाचा डोळा. तो म्हणतो, गंजायच्या आत विकून टाकू. मी म्हणते, मी चालवीन. तो हसतो.

आणि बाबा? धडधाकट होते तेव्हा मला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही कधी. "उतर खाली." एवढंच म्हणायचे. लायसन मिळेल न मिळेल, मला आधी त्यांचा होकार हवाय. पण विचारणार कसं?

१९ जानेवारी

आज गाडी मागे घ्यायला शिकवलं. तोंड पुढे आणि गाडी मागे— डोकं गरगरलं. मास्तर म्हणाले, "डोळे आरशात ठेव, पण जीव कानात." मागे उभा असलेला क्लीनर ट्रकच्या मागच्या दारावर, फाळक्यावर, हाताने ठोकतो. एक ठोका— थांब. दोन ठोके— येऊ दे. इंजिनाच्या आवाजात माणसाचं ओरडणं ऐकू येत नाही, ठोका मात्र पत्र्यातून थेट पाठीला कळतो. खरंच कळतो!

"कुठल्याही गाडीवर जा, हेच," मास्तर म्हणाले.

२३ जानेवारी

काय लिहू!

संध्याकाळी व्यायाम करून घेणारा आला होता. बाबांचा उजवा पाय दुमडत होता. बाबांनी डाव्या हाताने पलंगाच्या लोखंडी कठड्यावर ठोकलं— ठण् ठण्! तो थबकला. "चिडले वाटतं," म्हणाला. मी दारातच होते. चिडले कुठले, बाबा क्लीनरसारखी खूण करतायत! दोन ठोके— येऊ दे!

"थांबू नका, ते चालू द्या म्हणतायत!" मी ओरडलेच. त्याने पाय आणखी दुमडला. बाबांनी पुन्हा दोन ठोके दिले, आणखी जोरात. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माझ्याही. इतक्या महिन्यांनी बोलले ते!

म्हणजे दोन ठोके हो, एक ठोका नाही. त्यांना समजावून सांगायचीही गरज नाही, जन्म गेलाय ह्या खुणांवर. मी काय शिकवणार त्यांना!

आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. "मला नाही कळत तुमची ठोकाठोक. मी ह्यांचं तोंड बघते," म्हणाली. अशी आहे ही बाई! जरा म्हणून आनंद नाही.

२४ जानेवारी

विचारलं. "बाबा, मी आपली गाडी चालवायला शिकू?"

दोन ठोके. दोन!!

२ फेब्रुवारी

दादा आला होता. बाहेरून गिऱ्हाईक बघूनच आला होता. मी म्हटलं, मला नको विचारूस, बाबांनाच विचार. विचारलं त्याने. "बाबा, गाडी विकायची का?"

एक ठोका. लख्ख.

"एक म्हणजे नाही," मी म्हटलं.

"तुला बरं सगळं सोयीचं कळतं," दादा म्हणाला, आणि चहा तसाच टाकून निघून गेला. चांगली जिरली! आता मात्र कपात साय धरलेला तो चहा बघून वाईट वाटतंय. तोही वाईट नाही. दमलाय नुसता.

१४ फेब्रुवारी

बाबांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी ते दिवसभर गुंगीत असतात. डॉक्टर म्हणाले, दुखत असेल तरच द्या. म्हणून आता मी रोज विचारते. "बाबा, दुखतंय?" एक ठोका. म्हणजे नाही. गोळी बंद.

आई म्हणते, "ह्यांच्या कपाळाच्या आठ्या बघ. झोपेत दात खातात." मी म्हटलं, आई, ते स्वतः सांगतायत ना! तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का? जरा जोरातच म्हटलं. तिने गोळ्यांची पट्टी उचलून कपाटात ठेवली. मग बराच वेळ धुतलेलंच भांडं धूत बसली.

२८ फेब्रुवारी

क्लच, क्लच, क्लच. पोटरीचा दगड झालाय.

९ मार्च

नापास.

चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची होती. हँडब्रेक सोडला, पाय वेळेत पडला नाही, गाडी मागे घरंगळली. मागे कुणी नव्हतं म्हणून. परीक्षा घेणारे साहेब ओरडले नाहीत, रागावले नाहीत. "उतरा," म्हणाले. बाबांसारखंच.

घरी न जाता आमच्याच गाडीत जाऊन बसले. काच वर करून. सीटला बाबांच्या पाठीचा खड्डा पडलाय, त्यात मी बसले की पाय क्लचपर्यंत पोचत नाहीत. त्यांचा घाम पुसायचा पंचा आरशाला बांधलेला तसाच आहे, वाळून कडक झालेला. मनसोक्त रडले तिथे.

मग बाबांना सांगितलं. नापास झाले. पुन्हा बसू परीक्षेला? एवढं म्हणायचा अवकाश— दोन ठोके. थांबले, पुन्हा दोन. पुन्हा दोन. हात दमून खाली पडेपर्यंत ठोकत राहिले. एवढी जिद्द! स्वतःला कूस बदलता येत नाही, आणि मला ढकलतायत. उद्याच पुन्हा अर्ज करते.

२२ मार्च

बाबा उतरत चाललेत. गालाची हाडं वर आलीयेत. आज घास भरवताना आईचं बोट चावले. आई "असू दे, असू दे" म्हणत राहिली. मैदानावर दिवसभर तेच डोळ्यांपुढे. दोनदा खांब पाडला. मास्तर म्हणाले, घरी ठेवून यायचं ते घेऊन येतेस तू.

६ एप्रिल

पास! साहेबांनी वरही पाहिलं नाही, कागदावर शिक्का मारला आणि "पुढचा" म्हणाले.

आईने डोक्यावरून हात फिरवला. "जपून गं." बस्स. बाबांना सांगितलं तेव्हा ते रडायला लागले आणि तोंड भिंतीकडे केलं. अशा आजारात माणसं उगीचच रडतात, असं डॉक्टर म्हणाले होते. आनंदाने रडत असतील. मला तरी म्हणावा तसा आनंद का होत नाहीये?

२० एप्रिल

लायसन हातात आलं. फोटोत मी चोरासारखी दिसतेय.

पान्हाकाका आले. बाबांचे जुने क्लीनर. कमरेला सदा पान्हा खोचलेला, म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. गाडी उभी राहिल्यापासून दुसऱ्याच्या गाडीवर लांब कामाला होते. आल्या आल्या काचा पुसल्या, टायर ठोकून बघितले, बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. घरात या म्हटलं तर येईनात. "असं पडलेलं बघवणार नाही मला. एक खेप होऊ दे, मग धीर करून येतो," म्हणाले.

उद्या पहिली खेप. फरशा, गोदामापर्यंत. माझ्या पाठीमागे आईने घातलेली दुमडलेली गोधडी, आणि फाळक्याशी पान्हाकाका. बाबांना सांगितलं. दोन ठोके दिले. हळू, पण दोन.

२१ एप्रिल

पान्हाकाका जिवंत आहेत. आधी हे लिहिते.

रस्ता नीट पार पडला. गोदामाशी गाडी मागे लावायची होती. अरुंद बोळ, शेवटाला भिंत. काका मागे. एक ठोका आला, मी थांबले. इंजिन मंदावलं तेव्हा काकांचं ओरडणं ऐकू आलं, "अगं ये ना, थांबलीस कशाला?" वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आले मागे. मग दोन ठोके. मी येत राहिले. पुन्हा दोन, घाईघाईने. मी म्हटलं, येतेय, येतेय! आणि मग किंकाळी.

ब्रेक दाबला. उतरून धावले. काका भिंत आणि फाळक्याच्या मध्ये, आडवे होऊन, पोट आत ओढून. कोपर सोललेलं. मी पुढे घेतल्यावर ते बाहेर आले आणि तिथेच खाली बसले.

"दोन ऐकून मागे येतेस? दोन म्हणजे थांब!"

"दोन म्हणजे ये ना, काका? मास्तरांनी शिकवलं. सगळीकडे तेच आहे."

"सगळीकडे असेल. तुझ्या बापाच्या गाडीवर नाही. तो म्हणायचा, अडकलेला माणूस एकदा ठोकून थांबत नाही, ठोकतच सुटतो. एकावर 'थांब' ठेवलं तर त्याचे दोन ऐकून गाडी अंगावर येईल. म्हणून त्याच्याकडे एक म्हणजे ये आणि दोन म्हणजे थांब. पहिल्यापासून. तुला बोलला नाही कधी?"

बोलले होते. जानेवारीपासून रोज बोलत होते.

फरशा कुणी उतरवल्या, गाडी घरापर्यंत कशी आणली, मला सांगता येणार नाही.

तीच तारीख, घरी

"बाबा, दुखतंय?"

एक ठोका.

आईने उठून कपाटातून पट्टी काढली, गोळी पाण्यात विरघळवली, चमच्याने पाजली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग मी विचारलं. "बाबा, मी गाडी चालवू?"

हात उठला. एक ठोका पडला. दुसरा पडतो की नाही ते कळायच्या आत मी त्यांचा हात धरला.

अजून धरलाय. एका हाताने लिहितेय.