पहिल्यांदाच असामान्य ठरल्याबद्दल

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींना बोलायची संधी मिळते का अधूनमधून? आम्ही सगळे इकडे मजेत आहोत. (हे वाक्य लिहावंच लागतं, त्याला फारसा अर्थ देऊ नकोस.)

कळवायला आनंद होतो की वयाच्या बावन्नाव्या वर्षी तुझी बहीण असामान्य ठरली. शाळेने जन्मभर ‘सर्वसाधारण’ असा शेरा दिला, सासूबाईंनी ‘चारचौघींसारखी आहे’ म्हणून पसंत केलं, आणि गुण शेवटी ओळखले ते स्तनांच्या तपासणी केंद्राने. (तिथे दोन पाट्यांच्या मधे आपल्याला चेपतात आणि चेपणारी बाई वर ‘रिलॅक्स’ म्हणते.) मोबाइलवर निरोप आला, ‘आपल्या तपासणीत असामान्य बदल आढळले आहेत. पुढील तपासणीसाठी यावे. घाबरून जाऊ नये.’ आता हे शेवटचं वाक्य नसतं तर घाबरायचं असतं हे मला सुचलंही नसतं. तरी मी अजिबात घाबरले नाही. लोकच उगाच घाबरले.

निरोप वाचला तेव्हा मी गाडी शिकवत होते. (गाडीत मोबाइल बघू नये, हेही मीच शिकवते.) शेजारी निवृत्त ग्रंथपाल रिव्हर्स घेत होते. माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, आणि मला पगार त्याचाच मिळतो. त्या दिवशी पाय ब्रेकवरच होता, मी तिथे नव्हते. गाडी शांतपणे एका बंगल्याच्या फाटकाला टेकली आणि दोन कुंड्या गेल्या. ग्रंथपाल उतरून कुंड्यांचीच माफी मागू लागले, आणि मी म्हणाले, “असू द्या हो, होतं असं.” तीन महिन्यांत माझ्या तोंडून त्यांनी असं काही ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले आणि खालच्या आवाजात विचारलं, “मॅडम, तुम्ही ओरडत नाही आहात. माझी आशा सोडली का?”

पुढच्या तपासणीला आणि निकालाला मिळून एकोणीस दिवस लागणार होते. या एकोणीस दिवसांत घरात जी काही सुधारणा झाली, ती सत्तावीस वर्षांच्या भांडणांनी झाली नव्हती. नवऱ्याला भांडी घासायची जागा सापडली. तो घरात चवड्यांवर चालायला लागला आणि दर तासाला ‘कसं वाटतंय?’ विचारायला लागला. (बरं वाटतंय म्हटलं की त्याचा चेहरा आणखी पडायचा, कारण मी धीराने बोलतेय अशी त्याची खात्री व्हायची.) लेकीने सतरा लेख पाठवले आणि अठरावा पाठवला तो ‘लेख वाचून घाबरू नका’ या विषयावर. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक म्हणाले, “पॉझिटिव्ह राहा.” ताई, या माणसाला कोणीतरी समजावून सांग, की रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ नये म्हणून तर सगळी धडपड चाललेली आहे! शेजारीण मला भेटायला आली आणि तिच्या मावससासूची गोष्ट सांगून गेली. त्या मावससासूबाई शेवटी गेल्या, हे दारात पोचल्यावर तिच्या लक्षात आलं. मग ती परत आत आली आणि म्हणाली, पण त्या खूप म्हाताऱ्या होत्या. किती, विचारलं. म्हणाली, चोपन्न.

मग सुईने तुकडा काढला. डॉक्टरीण बाई कामात फार चोख, बोलण्यात फार काटकसरी. निकालाच्या दिवशी कागद बघून म्हणाल्या, “काही नाही. साधी गाठ आहे. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा.” मी विचारलं, काही नाही तर मग पुन्हा काय दाखवू? त्या म्हणाल्या, “खबरदारी.” एकोणीस दिवस मी मनातल्या मनात कपाटं आवरली, लेकीचं लग्न उरकलं, नवऱ्याला दुसरी बायको शोधली (तीही मला आवडली नाही), आणि त्याबद्दल मला मिळाला हा एक शब्द.

घरी मात्र प्रकरण त्याच दिवशी मिटलं. नवऱ्याने हुश्श केलं आणि भांडी माझ्या ताब्यात परत दिली. लेकीने मोबाइलवर नाचणारं अस्वल पाठवलं. आता मी आनंदात असावं अशी सगळ्यांची अपेक्षा आहे, आणि मी नसले की ‘आता काय झालं?’ असं विचारतात. आता काही झालेलं नाही, हीच तर अडचण आहे. झालं नाही त्याचं दुःख करायला रजा मिळत नाही. ग्रंथपाल परवा परीक्षा पास झाले. मी त्यांच्यावर परत ओरडायला लागल्यापासून त्यांचा हात सुधारला, असं त्यांची बायको म्हणाली.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. – सहा महिने होत आले, पुढची तपासणी येत्या चौदा तारखेला आहे. नवरा येतो म्हणतोय. पण तो माझ्यासाठी इतका खंबीर राहतो की त्याला सावरण्यातच माझा वेळ जातो.

आणखी ता. क. – वर मी घाबरले नाही असं लिहिलंय, ते खोडायचं राहिलं. ‘काही नाही’ ऐकून खाली आले आणि गाडीत शिकाऊच्या जागेवर तासभर बसून राहिले. चोवीस वर्षं गाडी शिकवतेय, पण चावी कुठे लावायची ते आठवेना.

शेवटचा ता. क. – तू ऊठसूट रडतेस म्हणून तुला इतके दिवस कळवलं नव्हतं. आता त्यासाठीच बोलावतेय. तेराला संध्याकाळी ये. इथे सगळे फार धीराचे आहेत, अजून कोणीच रडलेलं नाही, आणि पहिला नंबर लावायला मला जमत नाही. तू दारातच सुरू कर. मी लगेच तुझ्या मागून येते.